सोपं काहीतरी आणा

बाबा तुरुंगातून सुटून आले त्या दिवशी त्यांच्या अंगाला फिनेलचा वास येत होता. आईने त्यांना दारातच थांबवलं, पाण्याचा तांब्या ओवाळायला उचलला आणि मधेच हात थांबवला. वर्षभरापूर्वी आम्ही धम्म घेतला होता आणि तेव्हापासून आमच्या घरातलं ओवाळणं बंद झालं होतं. मग ती तोच तांब्या बाबांच्या हातात देत म्हणाली, "प्या." बाबा उंबऱ्यावर उभे राहूनच घटाघट पाणी प्यायले. मी दाराआड उभी होते. त्यांची मान मला किती बारीक दिसली! गिरणीत साच्यावर कापड विणणारा, दोन्ही हातांनी मला उचलून माळ्यावर बसवणारा माझा बाप, आणि त्याच्या सदऱ्याच्या कॉलरीत आता माझी मूठ सहज मावली असती.

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत खोल्या फार, नळ थोडे आणि गुपित एकही नाही, अशी अवस्था होती. बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली आणि गिरणीतली. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात, जिन्यापासून सर्वांत लांब. ती कोपऱ्यातच का, हे मी लहानपणी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तिथे वारा चांगला येतो म्हणून बाबांनी ती मागून घेतली असेल. देव्हाऱ्यातले टाक आईने स्वतःच्या हाताने काढून समुद्रात सोडले होते आणि त्या रिकाम्या फळीवर मसाल्याचा डबा ठेवला होता. बाजूला फोटो, फोटोला हार, आणि खाली मसाला. बाबांना ते खटकायचं. आई म्हणायची, "फळी रिकामी ठेवून काय मिळतंय?"

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस आठवले की मला आधी आवाज आठवतात. पोलिसांची गाडी गल्लीत शिरली की पोरं विजेच्या खांबावर दगड आपटायची, आणि तो टणटणाट खांबामागून खांबावर पुढे सरकत जायचा. मग गॅलरीतल्या बायका वाळत घातलेले कपडेसुद्धा न काढता आत पळायच्या. संचारबंदी लागली की गिरणीचा भोंगा होत नसे. अश्रुधूर आला की पहिल्या मजल्यावरची सेसिलबाय ओल्या फडक्यांची बालदी गॅलरीत आणून ठेवायची. कुणीही यावं, फडकं डोळ्यांना लावावं आणि परत बालदीत टाकावं. सेसिलबाय ख्रिस्ती, माहेर माहीमचं, नवरा बोटीवर. वर्षातले बरेच महिने ती एकटीच असायची आणि सगळ्या चाळीवर ओरडायची.

बाबांबरोबर सत्याग्रहात एकाच पोलिसी ट्रकातून पकडून नेलेले आणि त्यांच्याबरोबरच सुटलेले दुसरे गृहस्थ म्हणजे राणेकाका. मालवणकडचे. एकाच गिरणीत, एकाच खात्यात. सुटून आले तेव्हा चाळीच्या दरवाजात त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात टाकला आणि जमलेल्या सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, "थाळ्ये कमी व्हते थंय. आमी दोगव एका थाळ्येत जेवलंव. काय रे?" बाबा हसले. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी घोषणा दिली आणि दुसऱ्याने लगेच त्याच्या तोंडावर हात ठेवला, कारण कोपऱ्यावर पोलीस होते. राणेकाकी वरच्या गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि आत गेल्या. मला वाटलं, नवरा परत आल्याचं रडू लपवायला गेल्या असतील.

जेवणाची कल्पना सेसिलबायची. नळावर बायकांची रांग लागलेली असताना ती म्हणाली, "आमचे माहीमला नवा भात आला का आभाराचं जेवन होते. सगले घरशी एकेक वस्तू आनतान, एकत्र बसून जेवतान. तुमचे मानूस सुखरूप घरा आले. देवाचे नको तर नको, कोनाचे तरी आभार माना की!" बायकांना ते पटलं. एकेका घरावर भार नको, प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा, चाळीच्या चौकात पंगत मांडायची. जमावबंदी होती, म्हणून कुणी विचारलं तर बारसं आहे म्हणायचं ठरलं. तळमजल्यावर एक तान्हं पोर होतं, त्याचं बारसं आधीच झालेलं. त्याचं आणखी एकदा करायला कुणाची हरकत नव्हती.

कुणी काय आणायचं हे ठरवायचं काम राणेकाकींनी घेतलं. त्या हुशार बाई होत्या, नीटनेटक्या. बाबा आणि राणेकाका आत असताना त्याच आईबरोबर तुरुंगाच्या फाटकापर्यंत गेल्या होत्या, उन्हात बसल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना दुष्ट म्हणेल, आणि तशा त्या नव्हत्या. दारोदार फिरून त्या सांगत होत्या, तुम्ही पुऱ्या, तुम्ही बटाट्याची भाजी, तुम्ही शिरा, भात आम्ही करतो. आमच्या दाराशी आल्या तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"सुमनची आई, तुमी आपलं सोपं काहीतरी आणा," काकी म्हणाल्या. "तुमची एवढ्यात खूप धावपळ झाली. लिंबं नि मीठ आणा."

आईने सुपावरून मान वर केली. "लिंबं चिरून आणू की अख्खी?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं, मग गॅलरीच्या कठड्याकडे पाहिलं. "अख्खीच आणा. खाली चिरू आमी."

"बरं," आई म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडे वळली. काकी गेल्या. मला कळलं नव्हतं असं नाही. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, शाळेत माठाजवळ उभं राहिल्यावर काय होतं हे मला माहीत होतं. पण चाळीत असं उघड कधी काही झालं नव्हतं, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. उसनं मीठ, उसनी साखर, उसनं रॉकेल चालायचं. शिजलेलं काही आमच्या घरातून कुणाच्या घरी गेलं नव्हतं, आणि हे माझ्या त्या दिवशी, त्या क्षणी लक्षात आलं. थोड्या वेळाने जिन्यात सेसिलबाय भेटली. तिला केळी आणायला सांगितली होती. "साली काढायच्या का नाय, ते इचारायचं ऱ्हायलं," ती म्हणाली आणि हसली, पण तिचा चेहरा हसत नव्हता.

जेवणाच्या आदल्या संध्याकाळी बाबा मीटिंगवरून आले तेव्हा मोठ्या टोपात काळे वाटाणे भिजत घातले होते. आमच्या घरातला तो सर्वांत मोठा टोप, त्यात सहसा पाणी भरून ठेवायचो. बाबांनी झाकण उचललं.

"हे कशाला?"

"उसळ करायला."

"आपल्याला लिंबं सांगितलीत."

"ती पण आणलीत."

बाबा खाली बसले. मग हळू आवाजात समजावून सांगू लागले. ते मीटिंगमध्ये बोलायचे तसे नव्हते बोलत, दमलेल्या माणसासारखे बोलत होते. म्हणाले, आत्ता सगळे एकत्र आलेत, असे कधी आले नव्हते. हा धागा तुटायला नको. एकदा महाराष्ट्र होऊ दे, मग हे सगळं आपोआप मागे पडेल. आणि दाराशी पोलीस आहेत. चौकात भांडण झालं, आवाज चढले, की ते आत घुसतील आणि कालपरवा सुटलेल्यांना आधी उचलतील. "मला परत जायला भ्या नाय वाटत," ते म्हणाले, "पण उसळीपायी जायाचं?"

"मी आवाज चढवणार नाय," आई म्हणाली.

"आणि कुणी घेतलीच नाय तर?"

आईने टोपात हात घालून वाटाणे वरखाली केले. "तर आपण खाऊ. वाटाणे काय वाया जात नायत."

बाबांना राग आला होता, आणि तो आईचा होता की राण्यांचा की स्वतःचा हे त्यांनाही सांगता आलं नसतं असं मला आज वाटतं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

माझी नात अमेरिकेत असते. तिकडे नोव्हेंबरात आभार मानायचा एक सण असतो, तेव्हा मित्रमैत्रिणी एका घरी जमतात आणि प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. गेल्या वर्षी तिचा फोन आला, "आजी, पटकन होणारं, सोपं काहीतरी सांग ना, सगळ्यांना आवडेल असं." मी तिला दहीबटाटा सांगितला, कोथिंबीर वरून घाल म्हणाले. सोपं म्हणजे काय, हे मला तिला फोनवर सांगता आलं नसतं. काळ्या वाटाण्याची उसळ सोपी मुळीच नाही. वाटाणे रात्रभर भिजवायचे, मग ते शिजता शिजत नाहीत. सुकं खोबरं नि कांदा काळपट होईस्तोवर भाजायचा, तोही धीराने, नाहीतर कडू होतो. मसाला, आमसूल. आणि तेव्हा ते सगळं पाट्यावर वाटायचं असे.

ते वाटण मी वाटलं. गॅलरीत शेगडी पेटवून आईने खोबरं भाजायला घेतलं आणि तो वास सगळ्या मजल्यावर पसरला. कोकणातल्या माणसाला तो वास आला की विचारावंच लागत नाही काय शिजतंय. पलीकडच्या खोलीतली म्हातारी बाहेर येऊन उभी राहिली. राणेकाकी जिन्यावरून चालल्या होत्या, त्यांची पावलं मंदावली. त्यांनी टोपाकडे पाहिलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी वरवंटा घाईघाईने ओढत होते आणि वाटण सारखं पाट्यावरून खाली ओघळत होतं. "बारीक वाट," आई म्हणाली. "घाई नाय."

दुपारी चौकात पंगत मांडली. दरवाजा आतून लावून घेतला होता, बाहेर हवालदार स्टुलावर बसला होता. पोरांना ताकीद दिली होती, मोठ्याने बोलायचं नाही. इतकी माणसं एकत्र बसली आहेत आणि सगळी कुजबुजताहेत, असं जेवण मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. पत्रावळींचा आणि भांड्यांचा आवाज तेवढा येत होता. सुटून आलेल्या दोघांची आणि चाळीतल्या पुरुषांची पंगत पहिली. राणेकाका अग्रभागी, बाबा अगदी टोकाला. एका बाकावर सगळ्यांनी आणलेली भांडी ठेवली होती. आईने आधी लिंबांची टोपली नि मिठाची वाटी तिथे ठेवली. मग ती वर गेली आणि टोप घेऊन आली. एका बाजूने मी धरला होता. टोप बाकावर टेकला तेव्हा शेजारच्या शिऱ्याचं पातेलं एका बाईने पटकन उचलून लांब ठेवलं.

राणेकाकी जवळ आल्या. "अवो, लिंबं सांगितलवती ना," त्या पुटपुटल्या.

"ती काय, तिथं ठेवलीत," आई म्हणाली, तितक्याच हळू.

काकींचा चेहरा लाल झाला. एरवी त्या काय बोलल्या असत्या ठाऊक नाही, पण दाराबाहेर हवालदाराच्या खोकल्याचा आवाज येत होता. आईने टोप कमरेवर घेतला, हातात पळी घेतली आणि पंगतीच्या सुरुवातीला जाऊन उभी राहिली.

"वाढू, भावोजी?"

राणेकाकांनी वर न बघता पत्रावळीवर हात आडवा धरला.

जेवताना पुरे म्हणायला माणसं असाच हात धरतात. त्यात काही वावगं नाही. आई पुढच्या पानाशी गेली. "वाढू?" त्यानेही हात धरला. मग त्याच्या पुढच्याने, मग त्याच्याही पुढच्याने. काहींनी तर ती जवळ यायच्या आधीच हात धरले होते. ती प्रत्येक पानाशी थांबत होती, प्रत्येकाला विचारत होती, एकही पान न गाळता. तिच्या मानेवरून घाम उतरत होता, टोप जड होता. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, आई, परत ये. बाबांच्या पानाशी ती पोचली. बाबांनी हात धरला नाही, तिने पळीभर उसळ वाढली. पलीकडे सेसिलबाय पुरुषांच्या पंगतीच्या टोकाला स्वतःच पत्रावळ टाकून बसली होती, कुणाला न विचारता. "मना दोन पली घाल," ती म्हणाली.

तेवढ्यात दरवाजावर काठी वाजली. सगळ्या चौकाने श्वास रोखला. सेसिलबायने उठून दाराला फट केली. हवालदाराने आत डोकं घातलं, पंगतीवरून नजर फिरवली, पुरुषांचे चेहरे बघितले. "काय चाललंय?"

"बारसा हाय, साहेब," सेसिलबाय म्हणाली. "पोर आत निजलंय. केला खानार?"

त्याने एक केळं घेतलं. राणेकाकांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "लवकर आटपा," म्हणाला आणि गेला. दार लागलं. माणसांच्या छातीतून हवा सुटल्याचा आवाज आला, कुणीतरी दबकं हसलं, हात पुन्हा भाताकडे वळले. मला वाटलं, सुटलो. आता आई टोप खाली ठेवील.

तिने टोप कमरेवर सावरला आणि पुन्हा पंगतीच्या सुरुवातीला गेली.

"वाढू, भावोजी?"

हसणं बंद झालं. राणेकाकांनी पुन्हा हात आडवा धरला. या खेपेस आई पुढे गेली नाही.

"वयनी," काका पानाकडे बघतच म्हणाले, "फुडे जावा."

"जाते," आई म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की मला तो ओठांवरून समजला. "हात नका धरू. तोंडानं सांगा, तुझ्या हातचं नको. मग जाते पुढं."

काकांचा पसरलेला पंजा पत्रावळीवर तसाच होता आणि बोटं हलत होती. राणेकाकी खांबाशी उभ्या राहून नवऱ्याकडे रोखून बघत होत्या. सगळी पंगत थांबली होती. मग टोकाला हालचाल झाली. बाबा उष्ट्या हाताने पानावरून उठले होते. पंगतीतून मधेच उठणं हा केवढा अपमान! ते माणसांच्या मागून चालत आईजवळ आले, आणि मी डोळे मिटून घेतले, कारण मला खात्री होती की ते तिच्या हातातला टोप काढून घेणार आणि वर नेणार.

टोप त्यांनी काढून घेतलाच. डाव्या हाताने कडा धरून छातीशी कवटाळला. "जड आहे," ते आईला म्हणाले. "मी धरतो. तू वाढ."

राणेकाकांनी मान वर केली. दोघं एकमेकांकडे बघत होते. काकांनी हात काढला. नुसता काढला आणि मांडीवर ठेवला. आईने उसळ वाढली. त्यांनी भातात कालवून पहिला घास घेतला, आणि मालवणीत, जणू स्वतःशीच, म्हणाले, "खोबरा बरा भाजलंहास." राणेकाकी वळल्या आणि जिना चढून वर निघून गेल्या.

सगळ्यांनी हात काढले असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. काहींनी काढले. काहींनी दुसऱ्यांदाही तसेच धरून ठेवले, आणि आई त्यांच्यापुढून त्यांना पुन्हा न विचारता गेली. एक जण अर्ध्या पानावरून उठून हात धुवायला गेला तो आलाच नाही. टोपात बरीच उसळ उरली, ती पातेल्यात काढून ठेवली आणि आम्ही ती दुसऱ्या दिवशीही खाल्ली. राणेकाकी त्यानंतर कित्येक महिने आईशी बोलल्या नाहीत. पुढे बोलू लागल्या, आणखी पुढे आमच्या घरी चहा घेऊ लागल्या. आईच्या शेवटच्या आजारपणात रोज येऊन तिची वेणी घालायच्या. पण आमच्या घरी जेवल्या मात्र कधीच नाहीत, आणि आईनेही त्यांना कधी आग्रह केला नाही.

त्या दिवशी पंगती उठल्यावर, उन्हं कलायच्या आत, बाबा टोप घेऊन नळावर गेले. तेव्हा पुरुष भांडी घासत नसत. गॅलरीतून बायका बघत होत्या. बाबा उकिडवे बसून राख नि काथ्याने टोपाचं काळं बूड घासत होते आणि आई शेजारी बालदी घेऊन उभी होती. मी जवळच फडकी धूत होते.

"दुसऱ्यांदा वाढायला जाणार हे मला आधी सांगायचं होतंस," बाबा म्हणाले.

"मलाच कुठं ठाऊक होतं?" आई म्हणाली. "तुमी तरी सत्याग्रहाला जाताना मला कुठं सांगितलंत? मी आपला कामावर जाताय म्हणून डबा भरून दिला. सोड्याची भाजी होती. डबा तर गेलाच, ती भाजी तरी कुणाच्या पोटात गेली का?"

बाबांचा हात थांबला. "राण्यानं खाल्ली," ते म्हणाले. "ट्रकात. सकाळपासून उपाशी होता तो. सगळा डबा त्यानंच संपवला. बोटं चाटून."

आईने विचारलं, "मग आज हात का धरला त्यानं?"

"ट्रकात बघायला कोण होतं?" बाबा म्हणाले.

आईने बालदी तिरकी केली आणि ते घासत असलेल्या टोपावर हळूहळू पाणी ओतू लागली.